गोळ्यांची वही दाखवा!

वृद्धाश्रमातले आजी-आजोबा, त्यांची मुले-मुली आणि आश्रम चालवणारे, सर्वांसाठी हे पत्रक.

ट्रस्टच्या आश्रमाला रुपयाचा हिशेब द्यावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेबांचे ऑडिट होते आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. पण काल रात्री आजींना इन्सुलिन किती युनिट दिले, कोणी दिले, त्या जेवल्या होत्या का, हे विचारायला कोणी फिरकत नाही. परदेशातल्या मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर कोजागिरीचे फोटो पोचतात, साखरेचे आकडे पोचत नाहीत.

आश्रमचालकांचे उत्तर ठरलेले असते: “आम्ही घरच्यासारखे सांभाळतो. घरी कोणी वही ठेवते का?” घरी औषध देणारा माणूस एकच असतो, त्याला सगळे तोंडपाठ असते. आश्रमात दोन मावशी वीस-पंचवीस जणांचे पाहतात आणि सकाळ-संध्याकाळ ड्युटी बदलते. पहाटे आजींना इन्सुलिन टोचून झाले, हे लिहिले नाही तर आठ वाजता आलेल्या मावशींना कसे कळणार? त्या पुन्हा टोचतात. आजींना दरदरून घाम फुटतो, बोलणे अडखळते, आणि “वयामुळे होते” म्हणून त्यांना तसेच निजवतात.

वही असली तरी ती खरी असतेच असे नाही. महिनाभराच्या सह्या एका बैठकीत उरकलेली वही आम्ही पाहिली आहे. आजोबा दवाखान्यात अ‍ॅडमिट होते, त्या दिवशीही आश्रमाच्या वहीत त्यांच्या बीपीच्या गोळीपुढे बरोबरची खूण होती! अशी वही नसलेली बरी. डॉक्टर ती खरी धरतात आणि बीपी उतरत नाही म्हणून डोस वाढवतात.

यात मावशींना दोष देऊ नका. त्यांना औषधांची नावे मराठीत लिहून द्या, शिकवा, आणि लिहायला वेळ मिळेल इतकी माणसे नेमा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. वेळ लिहायची सवय नसेल तर रात्री कूस बदलायची हमखास राहते आणि माकडहाडाशी जखम होते. कोण कधी पडले, वजन किती उतरले, हेही त्याच वहीत हवे.

ज्येष्ठांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात खासगी आश्रमांना नोंदणीची सक्ती नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात नोंदणी होती, किमान दर्जाही होता. ते मंजूर झाले नाही. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. राज्य सरकारने आता दिल्लीकडे बोट दाखवू नये.

परवाने आले की चिरीमिरी येईल, लहान आश्रम मोडतील, असे काही चालक म्हणतात. ही भीती खोटी नाही. म्हणूनच खोल्यांच्या मापावर आम्ही अडून बसत नाही. रोजची औषधनोंद सक्तीची करा, ती नातेवाइकांना मागताक्षणी दाखवण्याचे बंधन घाला, आणि समाजकल्याण खात्याच्या माणसाने न कळवता येऊन ती वही गोळ्यांच्या पाकिटाशी ताडून पाहावी. लहान आश्रमाला याचा खर्च एका वहीचा आहे.

कायदा होईपर्यंत थांबू नका. डिपॉझिट भरण्याआधी काल रात्रीचे पान मागा. आई-वडील आधीच तिथे असतील तर येत्या भेटीत वही उघडायला लावा, पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा. हिशेब जुळला नाही तर लेखी उत्तर घ्या; टाळाटाळ झाली तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

– वृद्धाश्रमांतील रहिवाशांचे काही नातेवाईक