सांडपाण्याचा खर्च कोणत्या खाती?

पैशापैशाचा हिशेब रोजच्या रोज लिहावा, ही आपल्या पेढ्यांची जुनी शिस्त. तथापि कारखानदारीत शिरलेल्या आपल्या कित्येक बंधूंच्या वह्यांत सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च अद्याप 'किरकोळ' या सदरात दडून बसलेला आढळतो. ही प्रथा मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कापड रंगविण्याचाच धंदा घ्या. गडद रंगास मीठ व सोडा अधिक लागतो, आणि धाग्यास न चिकटलेला रंग पाण्याबरोबर वाहून जातो. चुना, तुरटी, हवा घालणाऱ्या यंत्रांची वीज, गाळाची वाहतूक हा सारा खर्च त्यामुळे वाढतो. विरघळलेले मीठ तर साध्या शुद्धीकरणाने निघतच नाही.

समजा, एका दिवसाचा शुद्धीकरणाचा खर्च 20,000 रुपये आला आणि माल 10,000 मीटर निघाला. सरसकट वाटणी केल्यास मीटरमागे 2 रुपये पडतात. परंतु माल निम्मा गडद, निम्मा फिका असून तीन चतुर्थांश भार गडद मालाचा असेल, तर गडदास 3 रुपये आणि फिक्यास 1 रुपया हाच खरा हिशेब होय. सरसकट वाटणी करणारा कारखानदार गडद माल तोट्यात विकतो आणि फिक्याचे गिऱ्हाईक महाग दरामुळे गमावतो.

हे काम आज उत्पादन-नियोजनाचे व परिव्यय-गणनेचे सॉफ्टवेअर सहज करू शकते. फिक्यापासून गडदाकडे असा क्रम लावून यंत्रे धुण्याचे पाणी वाचविणे, साठवण-टाकीवर एकदम भार न येऊ देणे, घातक गाळ 2016 च्या नियमांतील 90 दिवसांच्या मुदतीत उचलला जाईल याची आठवण देणे, हेही त्याच्याकडून करवून घेता येते. मात्र संगणक आपण लिहू तेच मोजतो. म्हणून प्रथम पाण्यास व विजेस मीटर बसवावेत. प्रत्येक लॉटच्या कृतीत रंग-मिठाबरोबर निघणाऱ्या सांडपाण्याचेही माप लिहावे. रंगारी, शुद्धीकरण पाहणारा कामगार व मुनीम यांनी एकत्र बसून खाती ठरवावीत. आणि निदान तीन महिने जुनी वही व नवे यंत्र दोन्ही चालवून मेळ घ्यावा.

हा खर्च दडविता येतो, चुकविता येत नाही. 2011 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुपूरचे रंगकाम कारखाने बंद झाले. नोय्यल नदीत वर्षानुवर्षे सोडलेल्या पाण्याचे देणे तेथे एकदम पुढ्यात आले, आणि त्याची झळ मालकाइतकीच मजुरालाही बसली.

ज्या मालाने पाणी मळविले, त्याच मालाच्या नावे तो खर्च पडो. आपण तो लिहिला नाही, तर नदीकाठचा शेतकरी तो सोसतो. आणि दुसऱ्याच्या माथी मारलेला खर्च नफ्यात धरणे व्यापाराच्या नीतीस शोभत नाही. येत्या पाडव्याच्या वहीपूजनास आपल्या कारखानदार बंधूंनी हे एक खाते नव्याने उघडावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.