वादळात सुकाणू कुणाच्या हाती?

नाशिकला समुद्र नाही. तरीही आमच्या एकल महिलांच्या गटात मी मध्यंतरी 'अ‍ॅड्रिफ्ट' हा २०१८ चा इंग्रजी चित्रपट दाखवला. संवाद मी मराठीत सांगत होते. त्याचा शेवट इथे सांगावाच लागेल, कारण माझी तक्रार तिथेच आहे.

कथा खरी आहे. १९८३ साली टॅमी ओल्डहॅम ही २३ वर्षांची अमेरिकन तरुणी आणि तिचा होणारा नवरा रिचर्ड शार्प 'हझाना' ही शिडाची नौका घेऊन ताहितीहून सॅन दिएगोकडे निघाले. रेमंड चक्रीवादळात डोलकाठ्या मोडल्या. टॅमी शुद्धीवर आली तेव्हा रिचर्ड नौकेवर नव्हता. तिने पाणी उपसले, तात्पुरते शीड उभारले, सेक्स्टंट आणि घड्याळाच्या आधारे दिशा काढली आणि वादळानंतर ४१ दिवसांनी हवाईमधील हिलो बंदर गाठले.

चित्रपटाची जमेची बाजू मोठी आहे. शेलीन वुडलीची टॅमी उन्हाने सोललेली, भुकेने खंगलेली आहे. संकटातही नटलेली नायिका इथे नाही. दिग्दर्शक बाल्तासार कोर्माकुर यांनी बरेचसे चित्रण खऱ्या समुद्रावर केल्याने तिचे कष्ट खोटे वाटत नाहीत.

पण जवळजवळ शेवटपर्यंत आपल्याला जखमी रिचर्ड तिच्यासोबत दिसतो. मग कळते, तो तर वादळातच गेला. आपण पाहिला तो तिच्या मनातला. दुःखाचे हे रूप खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण टॅमीने स्वतः सांगितलेल्या हकिकतीत तिला धीर देणारा एक आतला आवाज आहे. चित्रपटाने त्या आवाजाला पुरुषाचा देह दिला. नौका चालवण्याची विद्या तिच्या हातात होती, तरी तिला तारले ते प्रेमाने, असाच ठसा मनावर राहतो.

चर्चेत एक बाई म्हणाली, "त्याची आठवण आली तर बिघडलं काय? मलाही येते." खरेच आहे. तेवढ्यात द्राक्षबाग सांभाळणारी दुसरी बोलली, "आठवण येतेच हो. पण लोक म्हणतात, नवरा वरून बघतोय म्हणून बाग टिकली. छाटणी मी केली, फवारणी मी केली, सोसायटीचे हप्ते मी भरले. ते कुणी बघितलं?" यावर मला वेगळे काही सांगायचे उरले नाही.

योगायोग पाहा. १ जून २०१८ ला हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला, त्याच्या अकराच दिवस आधी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यात परतल्या होत्या. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच त्याच नौकेतून ती पुन्हा केली. त्यांचे कर्तृत्व सांगताना प्रेमकथा जोडावी लागत नाही.

चित्रपट जरूर पाहा, आपापल्या गटात दाखवा. मात्र नंतर प्रत्येकीला एवढे विचारा : त्या दिवसांत तू नेमके काय काय केलेस? आणि तिची यादी संपेपर्यंत मध्ये बोलू नका.