गुठळी विरघळवणारे औषध आणि जिवाणूची निवड

आटगावच्या आतल्या एखाद्या पाड्यावर पहाटे कुणाच्या छातीत कळ आली, तर घरच्यांपुढे पहिला प्रश्न गाडीचा असतो. जीप मिळाली की शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथून महामार्गाने कल्याण किंवा ठाणे. अँजिओप्लास्टीची सोय त्या टोकाला. हृदयाच्या स्नायूला तेवढी उसंत नसते. रोहिणीत गुठळी अडकल्यापासून तो मरू लागलेला असतो. म्हणूनच, ईसीजीवर मोठा झटका दिसत असेल, रक्तस्रावाचा धोका नसेल आणि अँजिओप्लास्टी वेळेत होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात देऊन मग रुग्णाला पुढे पाठवावे, असे हृदयरोगाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

हे इंजेक्शन म्हणजे एक प्रथिन. कुठल्या सजीवाच्या पेशीत ते तयार करायचे, हा निर्णय कारखान्यात होतो. त्याचे परिणाम मात्र शहापूर-मुरबाडच्या खाटेपर्यंत पोहोचतात, आणि याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही.

ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू या उद्योगाचा जुना गडी. साधे अन्न, पोलादी टाकी आणि हवा मिळाली की वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. जनुकीय तंत्राने बनवलेले पहिले औषध, म्हणजे 1982 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले मानवी इन्सुलिन, याच जिवाणूत तयार झाले. तरी प्रत्येकाने तोच निवडला असे नाही. औरंगाबादेत वोक्हार्टने 2003 मध्ये इन्सुलिन बाजारात आणले ते यीस्टमध्ये वाढवून. औषधाचा रेणू कसा आहे, त्यावर यजमान ठरतो.

गुठळीच्या औषधांत हे फार स्पष्ट दिसते. स्ट्रेप्टोकायनेज मुळात जिवाणूचेच प्रथिन: 414 अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात गंधकाचा एकही पूल नाही आणि शर्करेची शेपटीही नाही. ई. कोलायला असा रेणू सोपा जातो. चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेने त्याचे देशी तंत्रज्ञान विकसित केले आणि हे औषध या गटात सर्वांत स्वस्त राहिले. अडचण खाटेपाशी येते. ते तासभर सलाइनमधून द्यावे लागते, रक्तदाब घसरू शकतो, आणि शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवत असल्याने दुसऱ्या झटक्याला ते पुन्हा देता येत नाही. रात्रपाळीला एक डॉक्टर आणि एक परिचारिका असलेल्या ठिकाणी हा एक तास लहान नसतो.

दुसरे टोक टेनेक्टेप्लेजचे. वजन पाहून एकदाच शिरेत टोचले की झाले. पण तो मानवी प्रथिनाचा सुधारलेला अवतार आहे: 527 अमिनो आम्ले, गंधकाचे 17 पूल, वर शर्करेचे फाटे. ई. कोलाय शर्करा जोडत नाही आणि त्याच्या पेशीच्या आत असे पूल नीट जुळत नाहीत. म्हणून हे औषध चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशींत वाढवतात. या पेशी दुप्पट व्हायला सुमारे दिवस घेतात, त्यांचे खाद्य महाग असते आणि टाकीत एखादा परका जंतू शिरला तर सगळा घाणा वाया जातो. पुण्याजवळ हिंजवडीत जिनोव्हाने हे काम करून दाखवले, ही साधी गोष्ट नव्हे.

या दोघांच्या मधली वाट मात्र आमच्या मते सर्वांत शिकण्यासारखी आहे. रेटेप्लेजमध्ये शास्त्रज्ञांनी यजमान बदलला नाही, रेणूच छाटला. 527 पैकी कामाचे 355 अमिनो आम्लांचे भाग ठेवले, शर्करेशिवायही ते गुठळी फोडतात हे पाहिले आणि ते ई. कोलायकडे सोपवले. तीस मिनिटांच्या अंतराने दोन इंजेक्शने, बस्स. आपल्या ठाणे जिल्ह्यात, रबाळ्याच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसने हे औषध बाजारात आणले.

मग ते स्ट्रेप्टोकायनेजइतके स्वस्त का नाही? कारण टाकीतली स्वस्ताई पुढच्या दालनात खर्च होते. छाटलेल्या रेणूतही नऊ पूल उरतात. जिवाणूच्या पोटात प्रथिनाचे चुकीच्या घड्या पडलेले घट्ट गोळे साचतात. ते विरघळवून, भरपूर पाण्यात पातळ करून प्रत्येक साखळीची घडी नव्याने घालावी लागते. त्यात बराच माल हातचा जातो. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातले विष रक्तात गेले तर ताप येतो, रक्तदाब कोसळतो, म्हणून तेही काढून टाकावे लागते. ‘जिवाणू म्हणजे स्वस्त’ हे समीकरण टाकीच्या नळापर्यंतच खरे.

देशी संशोधनाचा पैसा नेमका या दालनात जायला हवा. पेशीच्या आतच गंधकाचे पूल जुळू देणारे ई. कोलायचे वाण प्रयोगशाळांत वापरात आहेत. घडी घालण्याच्या पद्धती सुधारता येतात. हे काम चमकदार नाही, त्याच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते मागे पडते.

दुसरी बाजू खरेदीची. केंद्राने 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत टेनेक्टेप्लेज घेतले. यादीत नाव येणे आणि शहापूर किंवा मुरबाडच्या रुग्णालयातल्या फ्रिजमध्ये कुपी असणे, यांत अंतर आहे. आरोग्य खात्याने निविदा काढताना फक्त कुपीची किंमत पाहू नये. तासभर गुंतणारा माणूस, इन्फ्युजन पंप, वाटेतला वेळ यांचाही हिशेब मांडला, तर दोन टोचण्यांत संपणारे औषध कदाचित महाग ठरणार नाही. दुर्गम भागासाठी एकदा किंवा दोनदा टोचायचेच औषध हवे, असे खरेदीदाराने ठामपणे सांगितले, तर कोणता रेणू आणि कोणता यजमान निवडायचा याचा हिशेब कारखानदारही नव्याने करील. कुपीसोबत ईसीजी वाचून फोनवर निर्णय सांगणारा तज्ज्ञही लागेल, कारण हे औषध चुकीच्या रुग्णाला दिले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.