वेठ नव्हे, नोंद हवी!

विकिपीडिया हा इंटरनेटवरचा मुक्त ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, त्याची मराठी आवृत्ती निघाली. आज तो तीनशेहून अधिक भाषांत चालतो. त्यात लेख लिहिणाऱ्याला, चुका दुरुस्त करणाऱ्याला, संदर्भ तपासणाऱ्याला कुणी छदाम देत नाही. सारे काम स्वयंसेवकांचे. तरीही शाळकरी मुलापासून पत्रकारापर्यंत जो कुणी काही शोधतो, त्याच्यासमोर बहुधा याच कोशाचे पान पहिल्यांदा येते. अलीकडे माणसासारखी उत्तरे देणारी संगणकीय यंत्रे निघाली आहेत, तीही याच कोशातील मजकुरावर पोसली गेली आहेत. म्हणजे इथे ज्याची नोंद नाही, तो उद्या या यंत्रांच्या उत्तरांतूनही गायब होण्याचा धोका आहे. म्हणून हा विषय केवळ संगणक जाणणाऱ्या पोरांचा नाही, तो चळवळीचा आहे.

या कामाला हात लावा असे आम्ही तरुण कार्यकर्त्यांना सांगतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: फुकट का राबायचे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फुकट राबणे म्हणजे काय, हे आमच्याइतके कोणत्या समाजाला ठाऊक आहे? महारवतनाच्या नावाखाली आमच्या बापजाद्यांनी टपाल वाहिले, सरकारी कामगारांपुढे धावले, मयताचा सांगावा गावोगाव पोचवला, मेलेली ढोरे ओढली. काम त्यांचे आणि दप्तर कुलकर्ण्याचे! वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि तरीही ही गुलामी कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. अशा समाजाच्या मुलाने बिनपगारी कामाकडे संशयाने पाहिले तर त्याचे काय चुकले?

परंतु वेठ आणि स्वयंसेवा यांतला फरक ध्यानात घेतला पाहिजे. वेठीला नकार देण्याची मुभा नव्हती, आणि वेठ करणाऱ्याचे नावही कुठे राहत नव्हते. विकिपीडियावर काम करणारा आपल्या मर्जीने येतो, आणि त्याने केलेले प्रत्येक काम नोंदले जाते. प्रत्येक लेखामागे 'इतिहास' नावाचे पान असते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या सदस्याने कोणते वाक्य घातले, कोणी काढले, का काढले, हे सारे तिथे दिसते. खोडलेला मजकूरही सहसा त्या इतिहासात शाबूत राहतो. कोर्टात जसा रोजनामा असतो, तसाच हा प्रकार. तारखेला काय घडले ते रोजनाम्यात आहे, मग वकिलाने बाहेर काहीही सांगो. शिवाय २००९ पासून या कोशाचा मजकूर ज्या परवान्याखाली दिला जातो, त्यात अटच आहे की मजकूर कुणीही वापरावा, पण मूळ लेखकांचे श्रेय द्यावे आणि पुढेही तो तसाच खुला ठेवावा. मोबदला नाही, पण श्रेयाला कायद्याचा आधार आहे. आमच्या पूर्वजांच्या श्रमाला असा रोजनामा असता, तर या देशाचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

मराठी विकिपीडियावर सर्वांनी मिळून चर्चा करण्याच्या जागेला 'चावडी' म्हणतात. गावच्या चावडीची पायरी आमच्या माणसाला चढता येत नसे. तो खाली उभा राहून हुकूम ऐकत असे. या चावडीवर मात्र जात विचारली जात नाही, संदर्भ विचारला जातो. लेखाच्या चर्चापानावर नवखा सदस्य जुन्या प्रचालकाला जाब विचारू शकतो. कुणाचे काम आवडले तर त्या नोंदीपुढची कळ दाबून धन्यवाद देता येतात. २००४ पासून 'बार्नस्टार' नावाचा एक प्रकार रूढ आहे. अमेरिकेतील शेतकरी धान्याच्या कोठारावर शोभेची चांदणी लावतात, तिचे चित्र एक सदस्य दुसऱ्याच्या पानावर चिकटवतो आणि कोणत्या कामासाठी ते दिले ते दोन ओळींत लिहितो. त्याला समिती नाही, पाहुणे नाहीत, पैशात किंमत शून्य. पण ज्याने काम स्वतः पाहिले आहे, त्याने दिलेला तो मान असतो. आमच्या जयंतीच्या मंचावर हार कुणाच्या गळ्यात पडतात आणि सतरंज्या घालणाऱ्याचे नाव माईकवरून किती वेळा घेतले जाते, याचा विचार या निमित्ताने प्रत्येक मंडळाने करावा.

याचा अर्थ तिथे समता नांदते आहे असा नाही. नियम सर्वांना सारखे असले, तरी नियमाला लागणारा पुरावा सर्वांकडे सारखा नसतो. ज्या व्यक्तीबद्दल स्वतंत्र, विश्वासार्ह, छापील संदर्भ मिळत नाहीत, तिच्यावरचा लेख टिकत नाही. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत करण्यात आला, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले! विद्यापीठात संशोधन करणाऱ्या बाईची ही कथा, तर आंबेडकरी जलशात उभी हयात घालवणाऱ्या शाहिराची काय असेल? ज्या वर्तमानपत्रांनी आमच्या परिषदांची बातमी छापली नाही, त्याच वर्तमानपत्रांचे कात्रण आणा, असे आज आम्हांला सांगितले जाते. कोर्टात तोंडी पुरावा चालतो, प्रत्यक्षदर्शीची साक्ष घेतली जाते. ज्ञानकोशात ती चालत नाही. २०११ साली मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील एका भाषेत तोंडी साक्षींना संदर्भ मानण्याचा एक प्रयोग झाला. तो महत्त्वाचा होता, पण नियम मात्र बदलला नाही. हा वाद आम्ही पुढे चालवलाच पाहिजे, कारण लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांचेच खरे मानायचे, हा नियम आमच्या ओळखीचा आहे.

पण दोष सारा त्यांचाच, असे म्हणून चालणार नाही. आमचे तरुण उत्साहाने लिहितात आणि बाबासाहेबांच्या नावामागे चार-चार विशेषणे लावतात. कोशाच्या नियमाप्रमाणे ती काढली जातात, की लगेच मनुवादी कारस्थानाची ओरड होते. जातीय खोडसाळपणा तिथे होतोच, आणि त्याचा बंदोबस्त इतिहासाचे पान पुढे करून, चर्चापानावर आणि प्रचालकांकडे दाद मागून करता येतो. मात्र प्रत्येक दुरुस्ती म्हणजे हल्ला नव्हे. बाबासाहेबांना विशेषणांची गरज काय? १९२३ साली लंडनची डी.एस्सी., १९२७ साली कोलंबियाची पीएच.डी., अशा नोंदीच पुरेशा बोलक्या आहेत. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचताना त्यांनी सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या एकेक करून पुढे ठेवल्या आणि मग त्यांतील उणीव दाखवली. हेच श्री. व्यं. केतकर पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक झाले. विरोधकाचे म्हणणे नीट नोंदवून मग तपासणे ही शिस्त बाबासाहेबांनी आम्हांला आधीच शिकवली आहे. दुसरा आमचा रोग गटबाजीचा. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचा खरा अध्यक्ष कोण, हे ज्ञानकोशाचे पान रोज खोडून ठरत नसते.

मग करायचे काय? आधी छापा, आणि नीट छापा. चां. भ. खैरमोडे यांनी कागदपत्रे गोळा करत १९५२ पासून बाबासाहेबांचे चरित्र खंडाखंडाने काढले, म्हणून आज त्यांचा संदर्भ देता येतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांचे बोल लिहून घेतले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. त्या तोंडी साक्षी छापल्या गेल्या, म्हणूनच त्या कोशाला मानाव्या लागतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तिका आणि स्मरणिकांचे ढीग विकले जातात. त्यांतल्या कितीतरींवर प्रकाशनाचे साल नसते, प्रकाशकाचा पत्ता नसतो. असा कागद पुरावा म्हणून कसा टिकणार? साल, स्थळ, प्रकाशक, पृष्ठक्रमांक घाला. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात, त्या पाठवा.

कायद्याची आणखी एक बाब. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे बाबासाहेबांचे असे लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. ते विकिस्रोत या जोडप्रकल्पात जसेच्या तसे चढवता येते. अनुवादावर मात्र अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, तो तपासूनच पुढे जावे.

आणि शेवटची गोष्ट मान्यतेची. विहारात संध्याकाळी दोन तास संगणकावर बसून एका जुन्या कार्यकर्त्याची संदर्भासहित नोंद करणारी मुलगी चळवळीचेच काम करते आहे, हे आमच्या संघटनांनी ठराव करून मान्य करावे. जयंतीच्या वर्गणीतून विहाराला एक संगणक आणि संदर्भग्रंथांचे एक कपाट मिळावे. मंडळाच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीआधी अशा स्वयंसेवकांची नावे छापावीत, अर्थात ज्यांना नाव हवे असेल त्यांची. आमच्यातल्या बिनपगारी श्रमाची दखल आम्हीच घेतली नाही, तर जुन्या वेठीत आणि आमच्या स्वयंसेवेत उरला तो फरक किती?

दप्तर आता कुणा एका कुलकर्ण्याच्या घरी नाही. ते उघडे पडले आहे. त्यात लिहायला बसा.

जयभीम!