बर्गी आपलेच होते

मराठी ऐतिहासिक कादंबरीत लढाया भरपूर असतात, राजकारण मात्र थोडं असतं. राजकारणाच्या जागी असते फितुरी. किल्ला पडला, फितुरी. राजा पकडला गेला, फितुरी. मोहीम फसली, कुणीतरी घरभेदी निघाला. वाचक म्हणून हे आपल्याला फार सोयीचं पडतं. दोन-चार खलनायक सापडले की बाकी सगळे सुटतात.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. रात्री दोनला सर्व्हर बसला की दुसऱ्या दिवशी आम्हाला कारणांचा अहवाल द्यावा लागतो. त्यात 'अमक्याने घात केला' एवढंच लिहिलं तर तो परत येतो. अमक्याच्या हातात ती कळ कुणी दिली, तपासणी का झाली नाही, आधी आलेल्या सूचना कुणी बाजूला सारल्या, हे लिहा म्हणतात. चार पानांच्या अहवालाकडून जी अपेक्षा असते, ती सातशे पानांच्या कादंबरीकडून केली तर काय बिघडलं?

सगळ्यांना एका मापात तोलत नाही. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मध्ये (१९८८) भूक आहे, रसद आहे, अडलेल्या वाटा आहेत, म्हणूनच ती अजून वाचली जाते. ना. सं. इनामदारांनी त्रिंबकजी डेंगळे, यशवंतराव होळकर, दुसरा बाजीराव अशी बदनाम माणसं मुद्दाम निवडली, त्यालाही धाडस लागतं. पण तिथेही बहुतेक वेळा प्रश्न एवढाच उरतो की हा माणूस खरा कसा होता. त्याच्यामागे चालणाऱ्या हजारो लोकांना काय हवं होतं, त्यांनी कशाला होकार दिला, त्याची किंमत कुणी भरली, हे गुलदस्त्यातच राहतं.

ही खोड मला लागली ती मेरी रेनॉच्या 'द लास्ट ऑफ द वाइन'मुळे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत राहिलेल्या या बाईंनी १९५६ साली ही कादंबरी छापली. काळ अथेन्स आणि स्पार्टाच्या सत्तावीस वर्षांच्या युद्धाचा, इ.स.पू. ४३१ ते ४०४. सांगणारा अलेक्सियास हा अथेन्सचा खात्यापित्या घरचा पोरगा, सॉक्रेटिसच्या भोवती वावरणारा. कादंबरीत लढाया आहेतच, पण हातातलं पुस्तक खाली ठेवावं लागतं ते दुसऱ्याच गोष्टींसाठी. हे शहर हरतं, आणि ते स्वतःच हात वर करून घेतलेल्या निर्णयांमुळे हरतं.

सिसिलीची स्वारी बघा. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सच्या सभेत तिच्यावर वाद झाला. निकियासचा स्वारीला विरोध होता. खर्चाचा आकडा ऐकून लोक मागे फिरतील म्हणून त्याने जहाजं किती लागतील, माणसं किती लागतील, सगळं वाढवून सांगितलं. लोक उलट चेकाळले. लागेल तेवढं घ्या म्हणाले! दोन वर्षांत ते सगळं आरमार गेलं, आणि पकडलेली माणसं सिराक्यूजच्या दगडखाणीत उपासमारीने मेली. हा प्रसंग थ्युसिडिडीसने लिहून ठेवला आहे. तो त्याच युद्धातला अथेन्सचा सेनापती, अपयशापायी हद्दपार झालेला. त्याच्याही लिखाणात घात आहेत, पण घाताशी तो थांबत नाही.

आता मेलॉस. हे लहानसं बेट होतं, त्याला या भांडणात पडायचं नव्हतं. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सने ते घेतलं, हाती लागलेले पुरुष मारले, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली. रेनॉने इथे एक गोष्ट केली. सॉक्रेटिसचा शिष्य फिडो हा परंपरेने एलिस गावचा मानला जातो. तिने त्याला मेलॉसचा केला. म्हणजे ज्यांच्या शहराने त्याचं घर संपवलं, त्यांच्याच पोरांच्या मैत्रीत तो वावरतो. इतिहासाशी घेतलेली ही मोकळीक मला मान्य आहे. आपल्याकडे मोकळीक घेतली जाते ती नायकाच्या तोंडी आणखी एक जाज्वल्य भाषण घालण्यासाठी.

मग प्रश्न येतो, आपलं मेलॉस कोणतं?

मी भंडाऱ्याचा. आमचा वैनगंगेकाठचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, ते पार १८५३ मध्ये डलहौसीने राज्य खालसा करेपर्यंत. त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे पहिले रघूजी भोसले. त्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये फौज घेऊन बंगालमध्ये उतरले, आणि पुढे जवळजवळ दहा वर्षं या स्वाऱ्या चालू राहिल्या. मुर्शिदाबादला जगत्शेठची पेढी लुटली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी आणि रहिवाशांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो 'मराठा डिच' म्हणून ओळखला गेला. १७५१ च्या तहात नवाब अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाख चौथ कबूल केली आणि ओडिशा भोसल्यांच्या पदरात पडला.

शाळेच्या पुस्तकात हे सगळं 'मराठ्यांचा विस्तार' या मथळ्याखाली दोन ओळींत येतं. बंगालमध्ये मात्र त्याला दुसरं नाव आहे: बर्गी. अजूनही तिथे बाळाला झोपवायच्या गाण्यात बर्गी येतात. हा शब्द आपल्या 'बारगीर'वरून गेला. स्वतःचं घोडं आणि हत्यार असलेला तो शिलेदार, ज्याला दोन्ही सरकारातून मिळतं तो बारगीर. म्हणजे बंगालच्या आयांनी ज्याचं भय घातलं तो कुणी सरदार नव्हता. तो पगारी माणूस होता. घोडंसुद्धा त्याच्या मालकीचं नव्हतं!

गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या स्वाऱ्यांवर त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. १९६५ मध्ये एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यात आधी देवच बंगालच्या पापांची शिक्षा म्हणून मराठ्यांना धाडतात. पण मराठे ब्राह्मणांना, बायकांना, गावोगावच्या रयतेला छळू लागतात तेव्हा देवी त्यांच्यावर उलटते आणि भास्कररामाचा शेवट होतो. 'आम्ही धर्मासाठी लढलो' हे एका वाक्यात सांगून मोकळं होणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ज्यांच्यासाठी लढलो म्हणता, त्यांच्यातलाच एक कवी काय म्हणतो ते त्यात आहे.

यावर नेहमीची उत्तरं मला पाठ आहेत. चौथ ही तेव्हाची रीतच होती, सगळेच करायचे. बरोबर, सगळेच करायचे. मग सगळ्यांचं लिहा, आपल्यापासून सुरुवात करा. दुसरं उत्तर असं की बंगाली लोकांनी वाढवून लिहिलं. असेल. कुठे वाढवलं आणि कुठे नाही, हे शोधण्यासाठी तरी तिकडचं वाचावं लागेल ना? तिसरं उत्तर थोडं वजनदार आहे. अथेन्समध्ये सभा होती, मत होतं. आपल्याकडे राजा आणि सरदार. वादविवाद आणायचे कुठून?

पहिली गोष्ट, अथेन्सची आरती ओवाळायची गरज नाही. तिथे गुलामांना मत नव्हतं, बायकांना नव्हतं. दुसरी, वादविवाद आणायला लांब जायला नको, १७४३ साल उघडा. त्या वर्षी रघूजी भोसले स्वतः बंगालमध्ये होते. आणि नानासाहेब पेशवेही तिथे पोचले, अलिवर्दीखानाच्या मदतीला! नवाबाकडून पैसा ठरवून घेऊन पेशव्यांच्या फौजेने भोसल्यांना बंगालमधून हुसकलं. मग साताऱ्यात शाहू महाराजांनी दोघांचे मुलूख वाटून दिले आणि तंटा मिटवला. पुणे, नागपूर, सातारा, मुर्शिदाबाद, शिवाय नावापुरता दिल्लीचा बादशहा. एवढ्या सामग्रीवर ग्रीकांनी तीन नाटकं केली असती. आपण यावर मौन पाळतो, कारण दोन्ही बाजूंना 'आपले'च आहेत आणि फितूर कुणाला म्हणायचं ते ठरत नाही.

आणि १७४४ चा मार्च महिना. बोलणी करायची म्हणून अलिवर्दीखानाने भास्कररामांना मानकऱ्याच्या छावणीत बोलावलं आणि तंबूतच त्यांना, त्यांच्या वीसेक सरदारांसह कापून काढलं. हा अस्सल दगा आहे, नाकारायचं कारण नाही. पण मला त्या तंबूच्या आधीची दोन वर्षं हवी आहेत. त्याशिवाय तंबूत शिरणारा माणूस नुसता हुतात्मा होतो, आणि हुतात्म्याला कुणी काही विचारत नाही.

'पण लोकांना हे चालणार नाही, भावना दुखावतील.' हे प्रकाशक म्हणतात, आणि आपणही लिहिण्याआधीच मनात म्हणतो. धोका खोटा नाही, हे फोनवर वाचणाऱ्या कुणालाही सांगायला नको. तरी इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसने काय केलं ते बघा. सलामिसचा विजय होऊन आठच वर्षं झाली होती. इराण्यांनी अथेन्स जाळलं होतं, आणि ती राख पाहिलेली माणसं प्रेक्षकांत बसली होती. त्याने नाटक ठेवलं इराणच्या राजवाड्यात. तिथे राजमाता मुलाच्या पराभवाची बातमी ऐकते. रंगमंचावर एकही ग्रीक पात्र नाही. एस्किलस स्वतः मॅरेथॉनला लढलेला, त्याला कुणी देशद्रोही म्हणणं अवघड होतं. मेलॉसनंतर काही महिन्यांतच युरिपिडीसने 'ट्रोजन विमेन' केलं, विजेत्यांच्या तावडीत सापडलेल्या बायकांचं नाटक, खुद्द विजेत्यांच्या शहरात.

आमच्याकडे प्रेक्षक नाहीत असं तर कुणी म्हणूच नये. दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. धानाचं काम आटोपलेली माणसं घोंगडी पांघरून रात्रभर मंडपात बसतात. त्यांना गुंतागुंत कळत नाही हा शहरी गैरसमज आहे. भावकीतली वाटणी, धरणात गेलेली जमीन, मोबदल्याचे हिशेब ज्यांनी पाहिलेत त्यांना भोसले-पेशव्यांचा तंटा समजावून सांगावा लागणार नाही.

तेव्हा कुणी लिहायला बसणार असेल, तर माझी एक विनंती. रघूजींपासून सुरू करू नका, भास्कररामांपासूनही नको. वैनगंगेकाठचा एक बारगीर घ्या. घोडं सरकारी, तलवार सरकारी, घरी देणं. १७४३ मध्ये तो बंगालमध्ये आहे, आणि छावणीत बातमी येते की समोरून येणारी फौज पेशव्यांची आहे. त्या रात्री त्याने शेजारच्या घोंगडीवरल्या माणसाला काय विचारलं असेल, तिथून सुरू करा.