वासराला गुण नसतात

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, शायेन येथे, १८९७ साली सुरू झालेला रोडिओ आम्ही एकदा पाहिला. जाताना मनात दोन निबंध तयारच होते : एक पुरुषार्थाच्या मिथकावर, दुसरा प्राण्यांच्या छळावर. साहित्याच्या माणसांना ही खोड असतेच.

बैलावरील स्वारीने पहिली अडचण केली. एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचे. मोकळा हात बैलाला लागला की बाद. मात्र शंभरपैकी निम्मे गुण बैलाचे असतात. बैल मवाळ निघाला, तर पंच स्वाराला दुसरा बैल देऊ शकतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या थोरवीवाचून विजय नाही. महाकाव्याचा न्याय तरी निराळा कुठे असतो? (बैलाने उसळावे म्हणून त्याच्या कमरेला पट्टा आवळतात, हे आम्ही त्या भरात सोयीस्करपणे विसरलो.) बाहेर लेन फ्रॉस्टचा पुतळा आहे. १९८७ चा हा विश्वविजेता ३० जुलै १९८९ रोजी याच मैदानात आठ सेकंद पुरे करून उतरला आणि त्यानंतर बैलाच्या धडकेने गेला. वय पंचवीस. इथे शोकांतिका शब्द वापरताना आम्हांला संकोच वाटत नाही.

वासरू फासात धरण्याच्या स्पर्धेत मात्र तो शब्द साथ देईना. वासरू सुटते, फास गळ्यात पडतो, घोडा जागीच थांबतो आणि पळते वासरू हिसक्यासरशी मागे फेकले जाते. स्वार धावत जाऊन त्याला आडवे पाडतो, तीन पाय बांधतो. गाठ सहा सेकंद टिकली की झाले. गुण नाहीत, फक्त वेळ मोजायची. वासराने कसे झुंजावे, याला इथे काडीची किंमत नाही.

हेमिंग्वेने 'डेथ इन द आफ्टरनून'मध्ये (१९३२) बैलझुंजीला शोकांतिका मानले, पण तिच्यातील घोड्यांचे मरण त्याला विनोदाकडे झुकणारे वाटले. विद्यार्थिदशेत आम्हांला ती नजर निर्दय वाटली होती. आता वाटते, तो निदान घोड्यांकडे पाहत तरी होता. आमचे डोळे, हिसका बसताच, घड्याळाच्या फलकाकडे वळत होते. तिसऱ्या वासराच्या वेळी हे ध्यानात आले. चौथ्याच्या वेळी आम्ही मुद्दाम फलकाकडे पाहिले नाही.

टाळ्या मात्र सवयीने वाजवल्याच.