बांधावरचे तळे आणि बदके

शेतातील लहान तळ्यांवर उतरणाऱ्या बदकांविषयी शेतकरी बंधूंत दोन तट दिसतात. एक म्हणतो, पाण्याला बदकांनीच शोभा; दुसरा म्हणतो, फटाके वाजवून वा जाळे टाकून ही ब्याद एकदाची घालवावी. आमच्या मते दोघेही चुकतात; आणि पहिली चूक आम्ही स्वतः केलेली असल्याने त्याविषयी दोन शब्द लिहिण्यास हरकत नसावी.

महसूल खात्यातील कारकुनीतून निवृत्त झाल्यावर आम्ही शेताच्या सखल कोपऱ्यात एक लहानसे मातीचे तळे खणविले. उताऱ्यावर ज्या जागेपुढे आम्ही जन्मभर ‘पोटखराबा’ असे लिहीत आलो, तशीच ती जागा. पहिल्याच पावसाळ्यात तेथे बेडूक आले, चतुर आले, खंड्या येऊन बसू लागला. दुसऱ्या वर्षी हौसेने आम्ही बाजारातून चार बदके आणून सोडली व घरातील मुले त्यांस रोज मूठ मूठ दाणे घालू लागली. त्यांना पाहून रानबदकेही उतरू लागली. श्रावण सरेपर्यंत काठ उघडा पडला, पाणी गढूळ व पुढे हिरवेगार झाले. त्याच्या पुढल्या आषाढात आमचे तळे जवळजवळ मुके होते.

कारण उघड आहे. बदक कोवळ्या पाणवनस्पती, किडे, बेडकांची अंडी व पिल्ले खाते, चिखल ढवळते, आणि त्याच्या विष्ठेतील नत्र व स्फुरद यांमुळे पाण्यात शेवाळ माजते. मोठ्या तलावास हे सोसते. बांधावरच्या तळ्यास सोसत नाही. बेडूक पिकावरील किडे खातो, चतुराची अळी डासांच्या अळ्या खाते. बेडकांचे पाय परदेशी धाडण्याचा व्यापार आपल्या देशाने १९८७ साली बंद केला. तोच बेडूक आपण मूठभर दाण्यांपायी गमवावा काय?

तथापि बदकास शत्रू मानणेही अयोग्य होय. हळदी-कुंकू, अडई इत्यादी रानबदकांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांस मारणे वा त्यांची अंडी व घरटी नासणे हा गुन्हा आहे. नायलॉनच्या जाळ्यात तर बदकाऐवजी उंदीर खाणारी धामणच अडकून मरते.

सबब उपाय सौम्य व वेळेवर करावे. दाणे घालणे प्रथम बंद करावे. बदकास उघडा, सपाट काठ प्रिय असतो. म्हणून काठावर लव्हाळा, वाळा, वेखंड दाट वाढू द्यावे व पाण्याचा काही भाग कमळाच्या पानांनी झाकू द्यावा. झाडी वाढेपर्यंत पाण्यावर वीतभर उंचीवर ठळक रंगाच्या जाड दोऱ्या ताणून बांधाव्या. काठाने गुडघाभर उंचीचे कूड घालावे, मात्र खालून बेडूक जाईल एवढी फट ठेवावी. चकाकत्या फितींस पक्षी लवकर सरावतात. केवळ त्यांवर विसंबू नये. हे सर्व पावसाळ्यापूर्वी करावे. एकदा घरटे झाले, की पिल्ले निघून जाईपर्यंत स्वस्थ बसणे हाच मार्ग.

बदकांस जागा नाही असे नव्हे. केरळात कुट्टनाडात भाताची कापणी झाल्यावर पाळीव बदकांचे कळप खाचरांत चारतात. गावतलावावर रानबदकांचाही हक्क आहे. मात्र लहान तळे कोणासाठी राखावयाचे, हे मालकाने आधी ठरविले पाहिजे. आम्ही आमची चार बदके मोठे तळे असलेल्या एका स्नेह्यास देऊन टाकली. काठ पुन्हा झाकला आहे, आणि गेल्या आषाढात बेडकांच्या आवाजाने आमची झोपमोड झाली. तिचा आम्हांस मुळीच राग आला नाही.